चित्रं चालली, कथा मागे राहिली

कुडाळहून सावंतवाडीकडे निघालं की बाजारपेठ संपते न संपते तोच पिंगुळी लागते. महामार्गावरून गाडी हाकणाऱ्याला हे गाव जाणवतही नाही. आत वळलं की माडांच्या सावलीत गुढीपूर नावाची वाडी आहे, आणि त्या वाडीत ठाकर समाजाची घरं. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कला एकाच समाजाने पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या, त्या इथे. परशुराम आत्माराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभं केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांनी हे गाव नकाशावर पहिल्यांदा शोधलं.

एकेकाळचं सावंतवाडी संस्थान हा कलेचा दाट मुलूख आहे. राजवाड्यात गंजिफाचे पत्ते, चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी, देवळादेवळांत दशावतार आणि पिंगुळीत चित्रकथी. पन्नासेक किलोमीटरच्या घेरात एवढं सगळं. पण या मुलुखात चार दिवस हिंडलं की एक गोष्ट खुपायला लागते. यातल्या काही कला लोकांच्या गरजेवर जगतात आणि काही फक्त कौतुकावर. कौतुकावर जगणाऱ्या कलेचा एकेक अवयव गळत जातो, आणि आधी गळतो तो तिचा आवाज.

आधी चित्रकथीची पोथी नीट पाहू. हाताच्या दीड वितीएवढे कागद, एका बाजूला एक चित्र, पाठीला पाठ लावून चिकटवलेले. असे तीस-चाळीस कागद म्हणजे एक पोथी आणि एका पोथीत एक आख्यान. निवेदक मांडी घालून बसतो, चित्र समोर उभं धरतो आणि गातो. वीणा, टाळ आणि हुडूक साथीला. त्या चित्रातला प्रसंग गाऊन झाला की ते आडवं पडतं, मागचं पुढे येतं. अहिरावण-महिरावणासारखी, वाल्मीकींच्या रामायणात नसलेली आख्यानं या पोथ्यांनी खेड्यापाड्यांतल्या माणसांपर्यंत नेली. असे कथेकरी आपल्या भागात फार जुने. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो.

आता एक चित्र जवळ घेऊन बघा. दोन माणसं समोरासमोर उभी. चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळे मोठे, बाह्यरेषा ठाम. विटकरी, पिवळा, निळसर असे मोजकेच रंग. मागे ना आभाळ ना जमीन, फार तर एखादं झाड. दोघांचे हात वर उठलेले, बोटं बोलल्यासारखी, पण तोंडं मिटलेली. कितीतरी वेळ पाहत राहिलो तेव्हा लक्षात आलं की हे चित्र मुद्दाम अर्धं ठेवलेलं आहे. ही माणसं काय बोलताहेत, रात्र आहे की दिवस, अरण्य आहे की राजसभा, हे सारं गळ्यातून यायचं आहे. चित्रकाराने निवेदकासाठी जागा सोडली आहे. बहुतेक वेळा चित्रकार आणि निवेदक एकच घर, म्हणून ती जागा इतकी नेमकी सुटते.

हेच चित्र चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगलं की ती सोडलेली जागा रिकामीच राहते. आज चित्रकथीचं बरंचसं काम हे असं आहे. सुटी चित्रं, भेटवस्तू, कापडी पिशव्या, टोप्या. त्यावर घर चालतं, म्हणून त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पोटाला मिळाल्याशिवाय कुणी कला जपावी अशी अपेक्षा धरणं हा निव्वळ अन्याय आहे. पण समीक्षा करायची तर सांगितलं पाहिजे की या मालात क्रम नाही. पोथीतलं सतरावं चित्र सोळाव्यातून येतं आणि अठराव्याकडे बोट दाखवतं. सुट्या चित्राला ना मागचं ना पुढचं. त्यामुळे नव्या हातांच्या रेषेत सफाई आली आहे, रंग उजळ झाले आहेत, पण प्रसंग निवडण्याची दृष्टी पातळ होत चालली आहे. गणपती, राम-सीता, राधा-कृष्ण, जे ओळखीचं आणि खपणारं तेच पुन्हापुन्हा. महिरावणाला गिऱ्हाईक नाही.

वारली चित्रांचं आधी हेच झालं. लग्नाच्या चौकापुढे लग्न लावणारी धवलेरी गायची, सवाशिणी भिंतीवर चौक लिहायच्या. चित्र कागदावर आलं, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या खऱ्या प्रतिभेच्या माणसाने ते जगभर नेलं, आणि धवलेरीचं गाणं मात्र डहाणू-जव्हारच्या पाड्यांवरच राहिलं. उलट बंगालमध्ये पश्चिम मेदिनीपूरच्या नया गावातले पटुआ आजही पट उलगडत गातात. त्यांनी त्सुनामीवर पट लिहिले, एड्सवर लिहिले. सगळे चांगलेच उतरले असं नाही, पण गाणं नवं होत राहिलं म्हणून पट मुका झाला नाही.

गंजिफाची अवस्था चित्रकथीहूनही वाईट म्हणावी लागेल. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर आजही गोल पानं रंगवत बसलेले दिसतात, तेही शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० नंतर हा उद्योग पुन्हा उभा केला म्हणून. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू. दिवसा डाव रामाच्या रंगाने सुरू व्हायचा आणि रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. केवढी बुद्धी आहे या खेळात! लाखेचा लेप दिलेली ती पानं हाताला इतकी गुळगुळीत लागतात की पिसाविशी वाटतात. पण विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा डाव मांडता येतो. पेटी कपाटात जाते आणि तिथेच राहते.

आणि मग एखाद्या जत्रेच्या रात्री दशावतार बघावा. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, कुठलीही मंडळी असोत. सभामंडपात एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत. नट आपला आरसा पेटाऱ्यावर टेकवून स्वतःच रंगतो. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि बाकीचं पखवाज, पायपेटी आणि नटाची हजरजबाबी जीभ. मी पाहिलेल्या एका प्रयोगात रात्री दोनच्या सुमारास नारद एका वंशावळीत चुकला. पुढे बसलेल्या म्हातारीने जागच्या जागी दुरुस्त केलं. नटाने हात जोडले, वाक्य फिरवून घेतलं आणि खेळ पुढे गेला. पहाटे दहीकाला. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं या नटांबद्दल म्हणतात ते खरंच आहे. कष्ट फार आणि बिदागी बेताची.

दशावतारातही बिघाड आहे. ट्रिकसीनच्या जाहिराती, डोळे दिपवणारे दिवे, गाणं बुडवणारा ध्वनिवर्धक. साध्या बाकड्यावर जे उभं राहत होतं ते धुरात आणि झगमगाटात हरवतं, हे मला पटत नाही. तरीही ही कला जिवंत आहे, कारण जत्रा तिच्यावाचून होत नाही आणि समोर चूक काढणारी म्हातारी बसलेली असते. चित्रकथीला हेच होतं. संस्थानाने ठाकर घराण्यांना देवळं नेमून दिली होती. नवरात्रात त्या त्या देवळात त्या त्या घराने कथा सांगायची, हा मान होता. मानामागे ऐकणारं गाव होतं. पुरस्काराने कलावंताचा गौरव होतो, पण गाव पुन्हा जमत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महोत्सवात चित्रकथीला पंधरा मिनिटं देऊ नका, एक अख्खं आख्यान लावा, रात्र जाईना का. जिल्ह्यातल्या देवस्थानांनी नवरात्रातली एक रात्र पोथीला द्यावी आणि दशावताराला देतात तशी बिदागी द्यावी. जाणत्या कथेकऱ्यांच्या पोथ्या चित्रागणिक गाण्यासह ध्वनिमुद्रित व्हाव्यात. आज गाणारे गळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीचा मोठा संग्रह आहे. त्या चित्रांसमोर उभं राहिलं की मिटलेली तोंडं आणि उठलेली बोटं तिथेही दिसतात. त्यांच्या क्रमवार प्रती काढून पिंगुळीच्या अंगणात नेल्या आणि जुन्या माणसांसमोर एकेक करून उभ्या धरल्या, तर कुठल्या चित्रापाशी कुणाला कुठली ओळ आठवेल ते एकदा बसून ऐकायला हवं.