यकृत-कर्करोगावरील उष्णतोपचार आणि रक्तस्राव : कळंबच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : यकृतातील लहान गाठ सुईवाटे उष्णता देऊन नष्ट करणाऱ्या रेडिओफ्रिक्वेन्सी व मायक्रोवेव्ह या पद्धती निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेस पर्याय म्हणून मान्यता पावल्या आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना ‘सुरक्षित’ हे विशेषण सर्रास योजले जाते. प्रस्तुत लेखात या विशेषणाची रक्तस्रावाच्या अंगाने चिकित्सा केली आहे.

समीक्षा : या विषयातील बहुउद्धृत अभ्यास लिव्रागी व सहकाऱ्यांचा (२००३) होय. इटलीतील ४१ केंद्रांतील २,३२० रुग्णांपैकी ६ जण (०.३ टक्के) दगावले व आणखी ५० जणांत (२.२ टक्के) गंभीर गुंतागुंत उद्भवली. उदरपोकळीतील रक्तस्राव हा त्यांतील प्रमुख प्रकारांपैकी एक. एक मृत्यू गाठ फुटून झालेल्या रक्तस्रावाने ओढवला. उपचाराच्या फेऱ्या वाढल्यास गंभीर गुंतागुंत वाढते, हा त्यातील निष्कर्ष मोलाचा आहे.

तथापि सरासरी ही सर्वांची असते, रुग्ण मात्र एकटा असतो. यकृत-कर्करोग बहुधा सिरोसिसग्रस्त यकृतात होतो. तेथे प्लेटलेट कमी व रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असते. सुई यकृताचे आवरण व रक्तवाहिन्या भेदू शकते. उष्णता स्वतः वाहिन्या गोठवते. म्हणूनच सुई बाहेर काढताना तिचा मार्गही तापवला जातो. ही दक्षता धोका घटवते, पण नाहीसा करीत नाही. रक्तस्राव कधी उशिराही प्रकट होतो.

येथेच टक्केवारी अपुरी पडते. वसई तालुक्यातील कळंब या किनारी गावचा रुग्ण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेऊन घरी परतला, असे मानू. रात्री पोटात तीव्र वेदना, घाम व भोवळ सुरू झाल्यास त्याला आधी रस्त्याने नालासोपारा आणि तेथून पुढे मुंबई गाठावी लागेल. रक्तस्राव करणारी धमनी आतून बंद करण्याची सोय सर्वत्र नसते. गुंतागुंतीची प्रतवारी परिणामांवरून होते. मदत मिळेपर्यंत गेलेला वेळ तीत मोजला जात नाही.

निष्कर्ष : सुरक्षितता हा केवळ तंत्राचा गुण नसून तंत्र, रुग्ण व अंतर यांच्या परस्परसंबंधाचा गुण आहे. म्हणून अभ्यासांनी उशिरा होणारा रक्तस्राव आणि मदतीस लागलेला वेळ स्वतंत्रपणे नोंदवावा. रुग्णास घरी सोडताना धोक्याची लक्षणे मराठीत लेखी द्यावीत व रक्तपेढीची सोय असलेले जवळचे रुग्णालय आधीच निश्चित करावे. तसे झाल्यासच ‘सुरक्षित’ हा शब्द कळंबपर्यंत पोहोचेल.