‘आपले खाते प्रतिबंधित करण्यात आले आहे’ : एक रसग्रहण

समीक्षा लिहायची तर मराठी घेऊन एम. ए. व्हावं लागतं, अशी एक समजूत आहे. मी बी. कॉम. आहे. विद्यापीठ आमच्याच विष्णुपुरीत असलं, तरी त्याच्या मराठी विभागाची पायरी मी कधी चढलेलो नाही. आमचा संबंध आला तो मार्कमेमोपुरता. पण गेली वीसेक वर्षं बँकेच्या काउंटरमागं बसून मी एका वाङ्मयप्रकाराचा जो व्यासंग केला आहे, तो भल्याभल्या प्राध्यापकांना जमलेला नसेल. तो प्रकार म्हणजे नोटीस.

बँकेची नोटीस ही काही वाचून डोळे मिटावेत अशी कृती नव्हे, हे मी आधीच कबूल करतो. तिची भाषा उद्धट असते. वाक्य एकदा सुरू झालं की गोदावरीसारखं वाहत जातं आणि क्रियापद थेट तेलंगणात सापडतं. ज्या माणसाचं खातं आपण गोठवतो आहोत त्यालाच शेवटी ‘आपला विश्वासू’ म्हणायचं, हा तर विनोदाचा कळस आहे. पण या सगळ्या दोषांबरोबर तिच्यात काही गुण असतात, ते टीकाकारानं नाकारू नयेत. वरती जावक क्रमांक असतो. दिनांक असतो. ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ असतात. खाली गोल शिक्का आणि त्या शिक्क्यावर एक गिचमीड सही असते. खातेदार तो कागद घेऊन येतो, काउंटरवर आपटतो आणि विचारतो, ‘‘हे कुणी लिवलंय?’’ मग आमच्यापैकी कुणाला तरी मान वर करून बघावंच लागतं. या मान वर करण्यातच सगळं आलं. तेवढ्या एका गोष्टीसाठी बँकेच्या नोटिशीला मी साहित्यात जागा देतो.

त्यातून रिझर्व्ह बँक आमच्या लेखनावर सारखी संपादकीय संस्कार करत असते. जून २०२५ मध्ये तिनं सांगितलं, की खातेदाराची केवायसीची मुदत संपण्याआधी त्याला किमान तीनदा कळवा, त्यातलं एक तरी पत्रानं. मुदत संपल्यावर पुन्हा तीनदा आठवण करा, त्यातलंही एक पत्रानं. म्हणजे सहा वेळा दार वाजवायचं. एवढं तर आम्ही लग्नाच्या अक्षतांनाही कुणाला बोलावत नाही.

आता या पार्श्वभूमीवर मला ज्या नव्या लेखकाविषयी बोलायचं आहे, त्याच्याकडे वळतो. हा लेखक निनावी आहे. त्याचा खप कोट्यवधींचा आहे. आणि तो समाजमाध्यमांवर लोकांची खाती बंद करतो.

त्याची एक कृती माझ्या हाती आली ती आमच्या कॉलनीतल्या काकूंमुळं. काकू उन्हाळी वाळवण करतात. कुरडया, शेवया, सांडगे, बाजरीच्या खारोड्या. नांदेड सोडून पुण्याला गेलेली निम्मी मंडळी त्यांची गिऱ्हाइकं. मुलानं त्यांना एका समाजमाध्यमावर (कुठल्या, ते सांगत नाही, काकूंचा धंदा अजून तिथंच आहे) खातं काढून दिलं होतं. फोटो तिथं, ऑर्डरी तिथं, गिऱ्हाइकांचे पत्ते तिथं, ‘कुरडई मागच्यापेक्षा थोडी पातळ घाला’ ही पुण्याची सूचनाही तिथंच. कुरडईचा हंगाम मार्च ते मे. खातं बंद झालं ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात, गव्हाचा चीक पातेल्यात शिजत असताना.

मजकूर छोटा होता. खातं प्रतिबंधित करण्यात आलं आहे, कारण ते ‘समुदाय मानकांना’ धरून नाही. बस्स.

काकू फोन घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. म्हणाल्या, ‘‘भाऊ, आमच्या समाजाच्या लोकायला कुणी माझ्याविषयी काय सांगितलं की काय? समुदाय म्हणायलेत.’’

हसू नका, वाचकहो. आमच्याकडे समुदाय म्हटलं की माणसं, माणसं म्हटलं की मंडळ आणि मंडळ म्हटलं की अध्यक्ष. बहिष्कृत व्हायचं तरी अध्यक्षांच्या घरी जाऊन विचारता येतं. इथं समुदाय आहे, त्याची मानकं आहेत, पण घर नाही. टीकाकाराच्या दृष्टीनं या कृतीतला पहिला आणि सर्वांत मोठा दोष तो हा, की तिला कर्ता नाही. ‘करण्यात आले आहे.’ कर्त्याला लपवायचं असेल तर मराठीत कर्मणी प्रयोगासारखा दुसरा आडोसा नाही, हे आम्ही सरकारी-निमसरकारी लोक पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. पण आमच्या आडोशाच्या मागं निदान एक कारकून डबा खात बसलेला असायचा. यांच्या आडोशामागं डोकावून बघितलं तर पुन्हा आडोसाच.

दुसरा दोष, आरोप नाही. माझा अंदाज सांगतो. काकूंनी त्या दिवशी ‘कुरडया तयार आहेत, लवकर कळवा’ हा एकच निरोप तीस-चाळीस गिऱ्हाइकांना एका बैठकीत पाठवला होता. तोच मजकूर भराभरा पुष्कळांना गेला की यंत्राला वाटतं, हा माणूस नव्हे, जाहिरातींचा कारखाना आहे. आणि ते दार लावून घेतं. यात यंत्राचा तर्क अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. फसवे लोक खरोखर असंच करतात. पण मग ‘एकच निरोप फार जणांना पाठवलात’ एवढं एक वाक्य लिहायला काय झालं होतं? काकूंनी पुढच्या वेळी चार-चार जणांना पाठवला असता. त्याऐवजी त्या आठवडाभर आपले जुने फोटो मनात उलगडत बसल्या. मधेच एकदा त्यांना वाटलं, सुनेच्या डोहाळजेवणाचा फोटो टाकायला नको होता.

या लेखकाचं वाचनही फारसं बरं नाही, याचे जाहीर दाखले आहेत. २०१९ साली ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटरवरचं खातं बंद झालं, ते एका छायाचित्रावरून. छायाचित्र १९३६ सालचं, हॅम्बुर्गच्या गोदीतलं. सगळी गर्दी हात वर करून नाझी सलाम ठोकते आहे आणि एक माणूस तेवढा हाताची घडी घालून उभा आहे. आता हे चित्र सलामाचं की हाताच्या घडीचं, हे आठवीतलं पोरगंही सांगेल. यंत्राला गर्दीचे हात दिसले, घडी दिसली नाही. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले. काकू कुठं जाणार?

२०२३ च्या २९ एप्रिलला तर ट्विटरनं एएनआय या वृत्तसंस्थेचं खातं बंद केलं. कारण? खातेदाराचं वय तेरा वर्षांपेक्षा कमी! संस्था १९७१ सालची. म्हणजे बावन्न वर्षांच्या गृहस्थाला ‘बाळ, आईला घेऊन ये’ म्हणून घरी पाठवल्यासारखं झालं. ते खातं लवकरच परत मिळालं. मोठ्यांची मिळतात. त्याही आधी, २५ जून २०२१ रोजी, तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांचंच खातं तासभर कुलपात गेलं होतं. गंमत बघा, बरोबर चार महिन्यांपूर्वी, २५ फेब्रुवारीला, त्यांच्याच खात्यानं या कंपन्यांसाठी नियम काढले होते : तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल (तेव्हाच्या मसुद्याप्रमाणं) १५ दिवसांत, आणि मोठ्या कंपन्यांनी एखाद्याचा मजकूर स्वतःहून काढायचा तर आधी कारण कळवून बाजू मांडायची संधी द्यायची. मंत्र्यांनी तोच नियम बोट ठेवून दाखवला. त्यांना स्वतःचा नियम पाठ असणं साहजिकच होतं. काकूंना तो मी सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘असला नियम हाय? मग त्येनला कुणी कळवलं नसंल.’’

विष्णुपुरीच्या माणसाला आधी कळवण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या धरणाला अठरा दरवाजे. पावसाळ्यात त्यातला एक जरी उघडायचा म्हटलं, तरी नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो, आणि दुसऱ्या दिवशी कितवा दरवाजा, किती क्युसेक, हे पेपरात छापून येतं. पाण्याला शिष्टाचार आहे. इंजिनियरांचं मराठी काही फडके-खांडेकरांचं नसतं, पण म्हशी कुठल्या बाजूनं काढायच्या ते त्यातून बरोबर कळतं.

असो. दुसरी कृती म्हणजे अपिलाचा फॉर्म. हा प्रकार मूळ नोटिशीपेक्षा नाट्यमय आहे. ‘निर्णयाशी असहमत आहात का?’ असा प्रश्न आणि खाली एक बटण. काकूंचं बोट बटणावर पाच मिनिटं थरथरत राहिलं. ‘‘असहमत म्हणल्यावर अजून राग धरला म्हंजे?’’ सासुरवास सोसलेल्या बाईला हा प्रश्न पडणारच. मग ओळखपत्राचा फोटो. खात्यावर नाव गिऱ्हाइकांत चालणारं, आधारवर सासरचं पूर्ण नाव. आमच्या बँकेत ही अडचण रोज येते आणि एका प्रतिज्ञापत्रावर मिटते, पण इथं प्रतिज्ञा करायची कुणासमोर? मग चेहऱ्याचा व्हिडिओ. डावीकडं बघा, उजवीकडं बघा, वर बघा. काकू पदर सावरून म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्षांपूर्वी असंच बघायला आले होते. चालून दाखवायचं राहिलंय तेवढं.’’ त्या वेळी निदान होकार की नकार ते आठवड्यात कळलं होतं.

भाषेचा मुद्दाही इथंच सांगून टाकतो, कारण तो वरवर दिसतो त्याहून गंभीर आहे. फेसबुकच्या निर्णयांवर फेरविचार करणारं एक पर्यवेक्षक मंडळ आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्यानं भारतातल्याच एका प्रकरणाचा निकाल दिला. एकानं पंजाबी वाहिनीचा राजकीय व्हिडिओ टाकला. पाचशे माणसांनीही तो पाहिला नसेल. पोस्ट गेली आणि खात्यावरही बंधनं आली. अपील केलं तर उत्तर आलं, करोनामुळं माणसं कमी आहेत. मंडळानं प्रकरण हाती घेतल्यावर कंपनीला चूक दिसली. पण निकालातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की ज्या मानकांचा भंग झाला म्हणून ही शिक्षा, ती मानकं पंजाबीत उपलब्धच नव्हती. तीन कोटींच्या वर लोकांची भाषा! परीक्षा पंजाबीत, प्रश्नपत्रिका इंग्रजीत. आपण मराठी लोक २०११ च्या शिरगणतीत आठ कोटींच्या वर भरलो. पण ‘समुदाय मानके’ हे मराठी वाचून काकूंना मंडळाचे अध्यक्ष आठवत असतील, तर भाषांतर झालं इतकंच म्हणता येईल. मराठी झालं असं म्हणवत नाही.

आता ज्या कृतीनं मी खरोखर अस्वस्थ झालो, तिच्याकडे येतो. ती नोटीस खोटी होती. काकूंच्या मुलानं ‘खातं परत कसं मिळवावं’ असं कुठंतरी चारचौघांत विचारलं आणि तासाभरात एका गृहस्थाचा निरोप आला. सपोर्ट टीम. हिंदी गोड. ‘माताजी, आपकी तकलीफ हम समझते हैं.’ खाली नाव, हुद्दा, तक्रार क्रमांक, फोन नंबर. फोन लावला तर पहिल्या घंटीला उचलला! चोवीस तासांत खातं परत, फक्त २९९९ रुपये आणि मोबाइलवर येईल तो ओटीपी.

टीकाकार म्हणून मला प्रामाणिकपणे म्हणावं लागतं, की चोराची कृती सरस होती. तिला कर्ता होता. विषय होता, संदर्भ होता, मुदत होती, सहानुभूती होती. आमच्या शाखेतल्या जुन्या हेडक्लार्कनं पाहिली असती तर फाइलला नमुना म्हणून लावली असती. काकू म्हणाल्या, ‘‘भाऊ, हा तर माणसासारखा बोलायलाय.’’ म्हणूनच तर भीती. खरा माणसासारखा बोलत नाही, खोटा बोलतो. मग साठीतली बाई विश्वास कुणावर ठेवील? ओटीपी हा शब्द ऐकल्याबरोबर माझ्यातला बँकवाला जागा झाला आणि मी फोन काढून घेतला. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर त्या माताजीभक्ताचा नंबर कळवला. पैसे वाचले, पण काकू दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीनं, उत्तर देणारा एकुलता एक माणूस मी हाकलला होता.

मग मी स्वतः लेखणी उचलली. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव नि पत्ता संकेतस्थळावर देणं नियमानं बंधनकारक आहे. तो सापडायला मला एक रविवार लागला. तक्रार बँकेच्या पद्धतीनं लिहिली : महोदय, विषय, संदर्भ, सोबत जोडपत्रे ३. पोच आली. पुढं काही आलं नाही तर काय, तेही बघून ठेवलं. २०२२ मध्ये नियमांत सुधारणा होऊन सरकारनं तक्रार अपील समित्या आणल्या. जानेवारी २०२३ मध्ये तशा तीन स्थापन झाल्या. अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत तिथं ऑनलाइन अपील करता येतं. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. खाती बंद होतात तेव्हा लोक भाच्याला विचारतात, मेहुण्याला विचारतात, चोरालाही विचारतात. समितीला विचारावं हे कुणाला सुचत नाही. मी अपिलाचा मसुदा तयार केला. चार पानी. त्यात कुरडई म्हणजे काय, यावर दीड पान होतं.

तो पाठवायची वेळ आली नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी खातं आपोआप उघडलं. पुण्याच्या गिऱ्हाइकांनी तोवर बचत गटाच्या प्रदर्शनातून कुरडया नेल्या होत्या, आणि काकूंच्या घरात दोन पत्र्याचे डबे गच्च भरून राहिले होते. आम्ही अजून तळून खातो आहोत.

तिसऱ्या कृतीविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती स्वतःच थोडक्यात आहे. आमच्याकडून चूक झाली, खातं पूर्ववत केलं आहे, अशी दोन ओळींची. चूक कुठली, कुणाची, ते नाही. पण तिच्या तळाशी पाच रिकाम्या चांदण्या होत्या आणि प्रश्न होता, की आमची सेवा कशी वाटली?

काकूंनी पाचही भरल्या.

मी म्हटलं, ‘‘काकू, अहो पाच? एक्केचाळीस दिवस बसवलं त्यांनी तुम्हाला!’’

‘‘हळू बोला भाऊ,’’ काकू फोन पालथा घालत म्हणाल्या, ‘‘ऐकू जाईल त्याला.’’