'अतिरिक्त' म्हणजे कशापेक्षा? भारताची हवामान-प्रतिज्ञा वाचताना

माझ्या प्रोग्रेस सेमिनारमधली सातवी स्लाइड. मी जोशात सांगत होते, की भारताने २०३० पर्यंत जंगलं आणि झाडं वाढवून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त साठवायचं ठरवलंय आणि माझं मॉडेल हा आकडा २०१५ पासून मोजतं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "२०१५ कुठून आणलंस?" मी म्हटलं, "सर, प्रतिज्ञा २०१५चीच आहे ना." ते म्हणाले, "प्रतिज्ञा कधी केली ते नाही विचारलं. आधारवर्ष कुठे लिहिलंय ते दाखव."

दाखवता आलं नाही. कारण मूळ उद्दिष्टात ते लिहिलेलंच नाही. माझ्या दीड वर्षाच्या कामाचा पायाच त्या एका प्रश्नाने हलला.

तुमच्यापैकी जे हवामान-धोरणावर सिनॉप्सिस लिहिताय, त्यांच्यासाठी हा लेख. वर्तमानपत्रातली "भारताने लक्ष्य पाच वर्षं आधीच गाठलं" ही बातमी वाचून प्रकरण लिहायला बसू नका. आधी मूळ कागद वाचा आणि शंकेखोर ऑडिटरसारखा वाचा.

थोडी पार्श्वभूमी. २०१५च्या पॅरिस कराराने देशांना ठरवून दिलेले कोटे नाहीत. प्रत्येक देशाने आपली प्रतिज्ञा आपणच लिहायची आणि दर पाच वर्षांनी नवी द्यायची. हिलाच एनडीसी म्हणतात. कायद्याने बंधन आहे ते प्रतिज्ञा सादर करण्याचं आणि त्या दिशेने उपाय करण्याचं. ती पूर्ण झालीच पाहिजे असं बंधन नाही. म्हणजे परीक्षेचा पेपर आपणच काढायचा, आपणच सोडवायचा आणि वर्गासमोर वाचून दाखवायचा. अशा वेळी पेपर कसा काढलाय हेच तपासायचं असतं.

भारताचा २०१५चा कागद ३८ पानांचा आहे. सुरुवात यजुर्वेदातल्या शांतिमंत्राने, मग विकासाची गरज, दरडोई कमी उत्सर्जन, निधी आणि तंत्रज्ञानाची मागणी. (ही मागणी रास्त आहे, त्यावर इथे वाद घालत नाही.) शेवटाकडे आठ उद्दिष्टं येतात आणि त्यांतली फक्त तीन आकड्यांत आहेत. पहिलं: जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५च्या तुलनेत ३३ ते ३५ टक्क्यांनी कमी करणं. दुसरं: विजेच्या स्थापित क्षमतेत ४० टक्के वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा. तिसरं, माझ्या गळ्यात अडकलेलं: अतिरिक्त २५० ते ३०० कोटी टनांचा कार्बन साठा. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिले दोन आकडे ४५ आणि ५० टक्के झाले. तिसरं उद्दिष्ट जसंच्या तसं राहिलं.

पहिल्यात '२००५' स्पष्ट लिहिलंय. दुसऱ्याला आधारवर्ष लागतच नाही, त्या दिवशीची टक्केवारी काढली की झालं. तिसऱ्यात मात्र 'अतिरिक्त' हा शब्द आहे आणि तो कशापेक्षा, याचा पत्ता नाही. २००५च्या साठ्यापेक्षा? २०१५च्या? की काहीच वेगळं केलं नसतं तर २०३० मध्ये जेवढा असता त्यापेक्षा? या तीन वाचनांतून तीन वेगळे देश दिसतात.

हिशोब करून बघा, साधा भागाकार आहे. भारतीय वन सर्वेक्षण विभागाचा २०२३चा वनस्थिती अहवाल २००५ धरतो आणि सांगतो, की २२९ कोटी टनांची भर पडून झालेली आहे. ही २०२१ पर्यंतची स्थिती. म्हणजे १६ वर्षांत २२९ कोटी, वर्षाला साधारण १४.३ कोटी. हाच वेग चालू राहिला तर २०३० पर्यंत बेरीज ३५० कोटींच्या वर जाते. म्हणजे नवीन काहीही न करता लक्ष्य पार! आता आधारवर्ष २०१५ करा. १५ वर्षांत २५० ते ३०० कोटी, म्हणजे वर्षाला १६.७ ते २० कोटी. आता आधीच्या सरासरीपेक्षा १७ ते ४० टक्के जास्त वेग हवा. एक वर्ष बदललं आणि 'चाललंय ते चालू द्या'चं 'धावा' झालं. तिसरं वाचन तर याहून कडक.

२००५ धरण्यात सरकारने काही लपवाछपवी केली असं मी म्हणत नाही. शेजारच्या उद्दिष्टात तेच वर्ष आहे, त्यामुळे ते वाचन तर्काला धरून आहे. माझा आक्षेप २०२२च्या सुधारणेवर आहे. संदिग्धता सात वर्षं उघड्यावर होती, कागद पुन्हा लिहायला घेतला होता, आणि एक वर्ष लिहायला चार अंक लागतात. शिवाय २०१८ मध्ये कॅटोविसला ठरलेल्या नियमांत आधारवर्ष द्या असं आहेच. ते दुसऱ्या एनडीसीपासून सक्तीचे आहेत, पहिलीसाठी नुसता आग्रह. आपण आग्रह नम्रपणे टाळला.

मोजमापातली दुसरी गोम 'वन' या शब्दात आहे. सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जमिनीवर झाडांच्या छत्राची घनता दहा टक्के किंवा जास्त असली की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कोणतं, हा प्रश्न नाही. कोकणातली काजूची बाग त्यात येते, नारळाची वाडीही. कार्बनच्या हिशोबाला हे चालतं, काजूच्या खोडातही कार्बनच असतो. पण जुनं जंगल तुटून बाग उभी राहिली तर नकाशावरचा हिरवा ठिपका हिरवाच राहू शकतो. आणि उलटही: २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट जाहीर झालं होतं, पण २३.५ मीटरच्या पिक्सेलला खड्ड्यातलं रोप दिसत नाही. लागवडीचे आकडे आणि साठ्याचे आकडे एकाच तक्त्यात घालू नका. मी घातले होते.

आता दुसरं उद्दिष्ट, कारण त्याचे ढोल सगळ्यात मोठे वाजले. जून २०२५ अखेर बिगर-जीवाश्म क्षमता ५० टक्क्यांच्या वर गेली. हे खरं आहे आणि मोठं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरमहा आकडे देतं, कोणीही ताडून पाहावं. उद्दिष्ट कसं लिहावं याचा हा चांगला नमुना आहे. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. सोलर पॅनल रात्री झोपतं. प्रत्यक्ष निर्मितीत या स्रोतांचा वाटा २०२४-२५ मध्ये साधारण पाव होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या व्यासपीठावर शब्द होते 'ऊर्जेच्या गरजेच्या ५० टक्के, नवीकरणीय स्रोतांतून'. नऊ महिन्यांनी कागदावर आलं ते 'विजेच्या स्थापित क्षमतेच्या ५० टक्के, बिगर-जीवाश्म स्रोतांतून'. ऊर्जेची वीज झाली, गरजेची क्षमता झाली आणि नवीकरणीयच्या जागी बिगर-जीवाश्म आल्याने अणुऊर्जाही आत आली. एकूण अंदाजित उत्सर्जनात १०० कोटी टन कपात आणि ५०० गिगावॅट, या दोन घोषणा आकडेबंद उद्दिष्टांत आल्याच नाहीत. भाषण आणि दस्तऐवज शेजारी शेजारी ठेवून ओळीने वाचा. माझ्या मते एमएस्सीच्या एका प्रोजेक्टचा विषय इथेच पडलाय.

पहिल्या उद्दिष्टाबद्दल एवढंच, की तो भागाकार आहे. अर्थव्यवस्था चौपट झाली आणि तीव्रता ४५ टक्क्यांनी घटली, तरी एकूण उत्सर्जन २.२ पट होतं. विकसनशील देशासाठी हे अन्याय्य नाही, पण 'उत्सर्जन घटलं' असं प्रबंधात लिहिलंत तर व्हायवात सापडाल.

एक प्रश्न मला अजून सतावतो. प्रतिज्ञा दिल्लीत लिहिली जाते. जमीन राज्यांकडे आहे, वनं समवर्ती सूचीत. मग २५० ते ३०० कोटी टनांतला महाराष्ट्राचा वाटा किती? एनडीसीत अशी वाटणी नाही. आकडा देशाचा, खड्डे राज्याचे, आणि कमी पडलं तर विचारायचं कोणाला, हे कागदावर कुठेच नाही.

सेमिनारनंतर चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. आता त्यात तीन आधाररेषांचे तीन तक्ते आहेत. परवा मॅडमनी मसुदा परत दिला. म्हणाल्या, "अगं, तीन-तीन तक्ते कोण वाचणार? एक ठेव, बाकीचे परिशिष्टात टाक." कोणता ठेवायचा ते सांगितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तेच तर प्रकरण आहे तुझं."