गतिमान वास्तूंचा निर्माता : सांतियागो कालात्रावा

पाया खचू नये, भिंत ढळू नये, छप्पर डळमळू नये एवढ्यासाठीच स्थापत्यशास्त्राने आपली विद्या शतकानुशतके वेचली आहे. अशा परंपरेत ज्यांनी इमारतीलाच हालचाल शिकविण्याचा ध्यास घेतला आणि तो कागदावर न ठेवता लाकूड-पोलादात उतरविला, त्या सांतियागो कालात्रावा या स्पॅनिश वास्तुविशारदांच्या कामगिरीचे मूल्यमापन करणे म्हणजे एका नव्या कलेचीच परीक्षा घेणे होय.

१९५१ साली व्हॅलेन्सियाजवळ बेनिमामेत येथे जन्मलेल्या कालात्रावा यांनी आधी वास्तुकलेचे आणि नंतर झ्यूरिकला स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, व डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी सांगाड्यांची घडी कशी घालता येईल हा विषय निवडला. त्यांच्या पुढील साऱ्या कामाचे बीज या प्रबंधात आहे. त्याचा पहिला निर्मळ आविष्कार जर्मनीतील कोसफेल्ड येथे, १९८५ मध्ये पूर्ण झालेल्या एर्न्स्टिंग कंपनीच्या वखारीच्या दरवाजांत दिसतो. दरवाजा ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांचा. प्रत्येक पट्टीला मध्ये बिजागरी. आणि या बिजागऱ्या एका ओळीत न बसविता कमानीच्या रेषेने चढत्या-उतरत्या बसविलेल्या. दरवाजा वर सरकू लागला की पट्ट्या सांध्यात वाकून पुढे येतात आणि मालाची चढ-उतार करणाऱ्यांच्या डोक्यावर वक्र छज्जा उभा राहतो. येथे शोभेसाठी काहीही वेगळे जोडलेले नाही. दाराने दाराचे काम चोख बजावले आणि त्यातूनच सौंदर्य उपजले.

१९९२ च्या सेव्हिल प्रदर्शनातील कुवेत मंडपात लाकडी बरगड्यांचे छत उघडमीट करू लागले, आणि या प्रयोगांची परिणती २००१ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी कलासंग्रहालयात झाली. मिशिगन सरोवराच्या काठी काचेच्या उंच दालनावर ७२ पोलादी पात्यांचे दोन पंख आहेत. त्यांचा विस्तार सुमारे ६६ मीटर व वजन ९० टन. ते पूर्ण पसरण्यास साडेतीन मिनिटे लागतात, आणि वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या वर टिकून राहिला, तर संवेदक यंत्रे ते आपोआप मिटवितात. दालनाला ऊन आवश्यक तेवढेच मिळावे, या गरजेतून आलेली ही गती म्हणूनच विश्वसनीय वाटते.

परंतु गतीचा हा मोह जेथे गरजेच्या व खर्चाच्या हिशेबाबाहेर गेला, तेथे कला पराभूत झाली, हेही तितक्याच स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. स्पेनमधीलच ओव्हिएदो येथील परिषदगृहाचा हलता छज्जा कधी चाललाच नाही, आणि त्यावरून झालेला वाद न्यायालयात गेला. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रातील स्थानकाचे पंख उघडावेत ही मूळ योजना, वाढत्या खर्चापायी २००८ मध्ये सोडून द्यावी लागली. २०१६ मध्ये खुल्या झालेल्या त्या वास्तूत आज पंख आहेत ते अचल, आणि चलनवलन उरले आहे ते केवळ कण्यावरील झरोक्यापुरते. एवढे करूनही स्थानकाचा खर्च चार अब्ज डॉलरच्या घरात गेला. दुबईच्या जागतिक प्रदर्शनातील अमिरातींच्या मंडपात मात्र हे भान परत आलेले दिसते. तेथील २८ पंख उघडले की छतावरील सौरपट उन्हाला सामोरे जातात, आणि मिटले की त्यांचे धुळीपासून रक्षण होते.

या साऱ्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडताना असे दिसते की, चालती वास्तू उभी करणे ही कलावंताच्या प्रतिभेची बाब असली, तरी ती चालती ठेवणे ही मालकाच्या निष्ठेची, तंत्रज्ञाच्या दक्षतेची आणि तिजोरीतील कायम तरतुदीची बाब आहे; बिजागरीला तेल, सांध्यांची तपासणी आणि झिजलेल्या भागांची वेळेवर बदली यांचा बंदोबस्त आराखड्याबरोबरच मंजूर झाला नाही, तर उद्घाटनाचा सोहळा ओसरताच पंख थिजतात. म्हणून कालात्रावा यांचे श्रेष्ठत्व मान्य करूनही, त्यांच्या सर्वांत खर्चिक स्थानकापेक्षा कोसफेल्डच्या वखारीचा तो साधा दरवाजा या कलेचा खरा मानदंड ठरतो, असाच माझा निर्णय आहे.