शेपटीवरचं हरवलेलं रॉकेट

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी ‘द राइट स्टफ’ पुन्हा एकदा बघितला गेला. टॉम वुल्फच्या 1979 च्या पुस्तकावर फिलिप कॉफमनने काढलेला हा 1983 चा चित्रपट. चांगला तीन तासांच्या वरचा, चार ऑस्कर मिळवलेला. मी तो पहिल्यांदा पाहिला एम.एस. करताना, होस्टेलवर. आमचे चिरंजीव मात्र प्रथमच पाहत होते.

शेवटाकडे चक येगर, म्हणजे सॅम शेपर्ड, स्टारफायटर विमान घेऊन उभंच्या उभं आकाशात घुसतो. निळं आकाश काळं होत जातं, इंजिन बंद पडतं आणि विमान गरगरत खाली येतं. चिरंजीवांनी लगेच विचारलं, “बाबा, असं सरळ वर जाताना विमान आवाजाचा वेग ओलांडू शकतं का?”

उत्तर देण्यासाठी पुढच्या रविवारी त्याला बर्लिनच्याच गाटो विमानतळावरच्या लष्करी संग्रहालयात नेलं. तिथे स्टारफायटर आहे आणि पूर्व जर्मनीचं मिग-21 सुद्धा. मी मूळचा नाशिकचा. ओझरच्या एच.ए.एल. मध्ये हीच मिग-21 बनायची, त्यामुळे ते दिसलं की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

हिशेब साधा आहे. आडवं उडताना वजन पंख उचलतात, इंजिनाला फक्त हवेचा विरोध मोडायचा असतो. उभं चढताना पंखांची मदत संपते आणि सगळं वजन इंजिनावर येतं. स्टारफायटरच्या इंजिनाचा जोर साधारण 7 टन, भरलेल्या विमानाचं वजन 9 टनांच्या वर. म्हणजे उभं चढताना त्याचा वेग वाढणार नाही, घटतच जाणार. एफ-15 किंवा युरोफायटर यांचा जोर हलक्या वजनात विमानाच्या भारापेक्षा जास्त असतो, त्यामुळे ती चढतानाही वेग वाढवू शकतात. पण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि ही थोडीशी शिल्लक खाऊन टाकतो. शिवाय उंचीबरोबर हवा विरळ होते आणि इंजिनाचा जोरही उतरतो. म्हणून वैमानिक ध्वनीचा वेग आडव्या उड्डाणात ओलांडतात आणि मग त्या कमावलेल्या वेगाच्या भांडवलावर नाक वर करतात. चढतानाच ध्वनीला मागे टाकणं हे खरं रॉकेटचं काम.

आणि इथेच माझी चित्रपटाबद्दलची तक्रार सुरू होते. 10 डिसेंबर 1963 रोजी येगरने उडवलेलं खरं विमान एनएफ-104ए होतं. त्याच्या शेपटीच्या बुडाशी जास्तीचं रॉकेट इंजिन बसवलेलं होतं. आधी आडव्या उड्डाणात ध्वनीच्या दुप्पट वेग गाठायचा, मग रॉकेट पेटवून चढायचं, तेही अगदी उभं नाही, तिरकं. चित्रपटात मात्र साधं स्टारफायटर वापरलं आहे, शेपटीवर रॉकेटच नाही! निर्मात्यांना मिळालं ते विमान त्यांनी घेतलं असेल, त्यात गैर काही नाही. पण परिणाम असा होतो की विमान केवळ माणसाच्या जिद्दीवर चढतंय असं वाटतं. कित्येक अभियंत्यांचा हिशेब पडद्यावरून गायब होतो.

गंमत म्हणजे याच चित्रपटाने सुरुवातीला हे फार छान दाखवलं आहे. 1947 मध्ये ध्वनीचा वेग ओलांडण्याच्या आधी येगरच्या बरगड्या मोडलेल्या असतात. दार लावता यावं म्हणून त्याचा मित्र रिडली झाडूचा दांडा कापून देतो. तिथे धाडस आणि डोकं दोघंही दिसतात. शेवटी मात्र धाडस एकटंच उरतं.

एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. गाटोच्या त्या स्टारफायटरसमोर उभं राहिल्यावर ते क्षुल्लक वाटत नाही. पश्चिम जर्मनीने अशी 916 विमानं घेतली. मूळ घडण उंचावरून वेगाने झेपावण्याची, पण त्यांच्यावर बॉम्ब लादून त्यांना खालून उडवलं गेलं. जवळजवळ 300 विमानं कोसळली, 116 वैमानिक गेले. इथले लोक या विमानाला विधवा करणारं यंत्र म्हणत. त्या वैमानिकांमध्ये काय हिंमत कमी होती? हिशेब चुकला की हिंमत तो भरून काढू शकत नाही.

तरीही चित्रपट जरूर पाहा. आवाजासाठी, शेपर्डसाठी आणि त्या झाडूच्या दांड्यासाठी. मुलांबरोबर पाहा, आणि नंतर गाटोला एक चक्कर मारा. तिथे एक स्टारफायटर तिरप्या रॅम्पवर उभं आहे. धावपट्टीशिवाय ते उडवण्याचा प्रयोग 1960 च्या दशकात झाला होता, त्यासाठी त्याच्या पोटाखाली रॉकेट लावलेलं आहे. आमचे चिरंजीव त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, “बाबा, सिनेमात राहिलेलं रॉकेट इथे आहे!”

अगदी तेच नव्हे, पण मुद्दा त्याला कळला होता.