ध्रुवण हरवले म्हणजे ऊर्जा दूर गेली का?

संयुग्मी पॉलिमरवरच्या टिपणांत एक विधान हमखास भेटते: उत्सर्जित प्रकाशाचे ध्रुवण जितक्या झपाट्याने घटते, तितक्या झपाट्याने उत्तेजन-ऊर्जा साखळीवरून पुढे सरकते. विधान सुटसुटीत आहे, गुणही मिळवून देते. पण ते अर्धेच खरे आहे.

रेषीय ध्रुवित लेसर-स्पंद द्रावणावर पडला की ज्या साखळीखंडांचे द्विध्रुव त्या दिशेच्या जवळ असतात, तेच अधिक उत्तेजित होतात. उत्सर्जनातील समांतर तीव्रतेतून लंब तीव्रता वजा करा आणि समांतर अधिक दुप्पट लंब या बेरजेने भागा, ही विषमदिकता. शोषणाचा व उत्सर्जनाचा द्विध्रुव एकाच दिशेत असेल तर ती ०.४ येते. दोहोंत २४ अंशांचा कोन पडला की ०.३. म्हणजे ही राशी वळण मोजते, अंतर नव्हे! सरळ साखळीवर ऊर्जेने दहा उड्या मारल्या तरी ०.४ कायम, वाकलेल्या साखळीवर एक उडीही पुरते.

शिवाय उडी लागतेच असेही नाही. एमईएच-पीपीव्हीमध्ये घसरणीचा काही भाग १०० फेमटोसेकंदांच्या आतच उरकतो. प्रकाश शोषताना वाकलेल्या खंडावर पसरलेली अवस्था अणुकेंद्रे सावरताच आक्रसते, आणि आक्रसलेल्या भागाची दिशा मूळ दिशेशी जुळतेच असे नाही. २००९ मध्ये कोलिनी आणि शोल्स यांनी याच पॉलिमरमध्ये सामान्य तापमानालाही साखळीअंतर्गत सुसंगत ऊर्जावहन होते, असे मांडले. तेव्हा 'एका खंडावरून दुसऱ्यावर उडी' हे चित्र सुरुवातीच्या क्षणांना लावताना सावध राहा.

टिपणांतला मोठा दोष मात्र मोजणीचा आहे. विषमदिकता ०.४ वरून ०.१ वर आली, तर एकही उत्तेजन न विझता समांतर तीव्रता १.८ वरून १.२ होते, लंब ०.६ वरून ०.९. फक्त समांतर घटक नोंदवणाऱ्याला प्रकाश एक तृतीयांश विझल्यासारखा दिसेल, फक्त लंब नोंदवणाऱ्याला तो वाढल्यासारखा. विश्लेषक ५४.७ अंशांवर ठेवला की ही फसगत टळते. आलेखाखाली हा कोन दिलेला नसेल, तर त्यावरून काढलेला आयुष्यकाल वापरू नका.