एलन टेरी यांची पत्रे

विख्यात इंग्रज नटी एलन टेरी आणि बर्नार्ड शॉ यांचा पत्रव्यवहार 1931 साली ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा बाईंना जाऊन तीन वर्षे झाली होती. पुत्र गॉर्डन क्रेग यांना तो रुचला नाही. कायद्याने पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाराचा व पश्चात् वारसांचा. मृताच्या संकोचाला मात्र कोणी वाली नाही. तरीही आम्ही प्रकाशनाच्याच बाजूचे आहो. प्रणय हुडकणारे निराश होतील, होवोत बापडे! 1896 साली लायसियम नाट्यगृहात शेक्सपिअरची इमोजेन उभी करताना, वयाच्या 49 व्या वर्षी, कीर्तिशिखरावरची ही नटी शॉंच्या सूचना विद्यार्थिनीप्रमाणे तोलून पाहते. आणि तेच शॉ त्या काळी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’तून तिचे नाट्यगृहचालक आयर्विंग यांच्यावर कोरडे ओढीत होते!